शब्दांची घडण आणि आपल्या मुलांचे मराठी

(मुर्री येथे संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी मी चार शब्द बोलावेत अशी संस्थेने आज्ञा केली. मी शब्दांविषयीच बोलायचे ठरविले आहे. शब्द तयार कसा होतो, वाक्यात जाऊन बसताना त्याचे रूप कसे पालटते आणि निरनिराळ्या भाषांत हे काम कोणकोणत्या रीतीने चालते, हा माझा विषय आहे. विषय व्याकरणाचा आहे हे खरे, आणि व्याकरण म्हटले की मागच्या रांगेतील विद्यार्थी दाराकडे पाहू लागतात. परंतु या विषयात आपल्या मुलांचे बरेच काही गुंतलेले आहे, म्हणून थोडा वेळ धीर धरावा अशी विनंती आहे.

दर बारा कोसांवर भाषा बदलते असे म्हणतात. आपल्या गोंदियाच्या परिसरात तर ती गल्लीगल्लीत बदलते. आपल्या घरांतून हिंदी-उर्दू बोलली जाते. शेजारच्या घरी पोवारी असते. बाजारात झाडीबोलीच्या वळणाची मराठी कानी पडते, तिथे पाण्याला पानी म्हणतात. पूर्वेकडून येणारी गाडी छत्तीसगढी घेऊन येते. देवरी-सालेकसा भागातून आलेली माणसे आपसांत गोंडी बोलतात. मूल मक्तबात बसले की अरबी, आणि शाळेत आले की प्रमाण मराठी व इंग्रजी. इतक्या भाषा कानांवर पडत असलेल्या मुलास आपण "याला भाषा जमत नाही" असे म्हणतो! मला ही गोष्ट पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठी मी उभा आहे.

तेवीस चुका

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचे वडील मला भेटायला आले. सायकल-दुरुस्तीचे छोटे दुकान चालविणारे गृहस्थ. म्हणाले, "सर, आमच्या घरी मराठी कोणी बोलत नाही. पोरगी बाकी विषयांत ठीक आहे, पण मराठीत जमणार नाही. दहावीनंतर घरीच बसवावी म्हणतो." त्यांनी तिची निबंधाची वही सोबत आणली होती. एका निबंधात तेवीस ठिकाणी लाल खुणा होत्या. तेवीस चुका पाहून कोणताही बाप खचेल.

आम्ही दोघे त्या चुका एकेक करून वाचू लागलो. "माझी पुस्तक", "आमची दुकान", "तिची आवाज". पुढे "जमीनवर", "तारीखला", "दवाखानेत". मग "घर ला", "शाळा त" असे तोडून लिहिलेले शब्द. आणि "मीने सांगितले". वाचून झाल्यावर मी त्यांना म्हटले, "भाईसाहेब, या तेवीस चुका नाहीत. या फक्त चार आहेत. एकेक चूक पाच-सहा वेळा झाली आहे. आणि या चारही ठिकाणी तुमच्या मुलीने नियम पाळला आहे. फक्त तो घरच्या भाषेचा आहे."

या चार नियमांकडे मी पुढे परत येणार आहे. तत्पूर्वी शब्दांच्या कारखान्यात एक फेरी मारू.

फिरविणे आणि सुटे करणे

अरबीमध्ये शब्दांच्या रूपांच्या शास्त्राला 'सर्फ' म्हणतात. सर्फ म्हणजे फिरविणे, बदलणे. नाणी बदलून देणारा तो सर्राफ, आणि आपल्या बाजारपेठेतला 'सराफ' तो हाच. संस्कृतात आणि मराठीत या शास्त्राचे नाव 'व्याकरण' आहे, आणि त्याचा मूळ अर्थ उलगडून सुटे करणे असा आहे. या दोन नावांतच दोन रीती सांगितलेल्या आहेत. अरबी शब्द फिरवून घडतो. मराठी शब्द जोडून घडतो, म्हणून तो सुटा करून पाहता येतो.

आधी फिरविण्याची रीत पाहू. अरबी शब्दाच्या मुळाशी बहुधा तीन व्यंजने असतात. क-त-ब ही तीन अक्षरे घ्या. त्यांत 'लिहिणे' हा अर्थ साठविलेला आहे. व्यंजने तीच ठेवून मधले स्वर बदला, की किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लिहिणारा, मक्तब म्हणजे लिहिण्या-शिकण्याची जागा, मक्तूब म्हणजे लिहिलेले पत्र. आपल्या अभिवादनातला सलाम घ्या. स-ल-म या तीन अक्षरांतून सलाम, सलामत, तस्लीम, इस्लाम, मुस्लिम हे शब्द निघाले आहेत. कुंभाराकडे माती एक आणि साचे अनेक असतात, तसे हे आहे.

हे साचेही ठरलेले आहेत. कातिब, हाकिम, आलिम, वारिस, साहिब यांचा ठसा एक आहे, आणि तो बहुधा 'करणारा' दाखवितो. मक्तूब, मंजूर, मजबूत, महसूल यांचा ठसा दुसरा. तो 'ज्यावर क्रिया झाली ते' दाखवितो. तालीम, तहसील, तक्सीम, तामील यांचा तिसरा. तो क्रियेचे नाव सांगतो. मस्जिद, मजलिस, मंजिल यांचा चौथा. तो बहुधा जागा सांगतो. मुलाला एवढे चार साचे दाखविले, तर शेकडो शब्द त्याला ओळखीचे वाटू लागतील.

आता कोणी म्हणेल की हे अरबीचे झाले, मराठीच्या पेपराशी याचा संबंध काय? संबंध फार जवळचा आहे. १३४७ साली बहामनी राज्य स्थापन झाले, तेव्हापासून पुढची कित्येक शतके महाराष्ट्राच्या कारभारात फारसी वावरत होती, आणि फारसीच्या खांद्यावर बसून अरबी शब्द मराठीत आले. ते इतके मुरले की आज ते परके आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ह-स-ल हे मूळ घ्या. त्याचा अर्थ मिळणे, हाती येणे. त्यातून 'तहसील' म्हणजे वसूल करणे, आणि 'महसूल' म्हणजे वसूल झालेले. आणि आपण मराठीत विचारतो, "त्यात काय हशील?", तो हशीलही याच घरचा. आज आपण तहसील कचेरीत जाऊन महसूल विभागाचा कागद घेतो, तेव्हा एकाच मुळाची दोन फळे आपल्या हाती असतात.

द-ख-ल पाहा. मूल शाळेत 'दाखल' होते, शाळा सोडताना 'दाखला' घेते, आणि चांगले गुण मिळविले तर लोक त्याची 'दखल' घेतात. 'नजर' आणि 'मंजूर' हे दोन्ही न-ज-र या मुळाचे आहेत. साहेबांच्या नजरेखालून जे गेले ते मंजूर झाले! 'जप्त' आणि 'मजबूत' एकाच मुळाचे. घट्ट धरणे हा दोन्हींतला अर्थ. व-ल-द हे मूळ 'वालिद' मध्ये आहे, 'औलाद' मध्ये आहे, आणि जुन्या दस्तऐवजांत बापाच्या नावाआधी लिहिल्या जाणाऱ्या 'वलद' या शब्दातही आहे.

'वालिदैन' या शब्दाकडे तर सर्व पालकांनी लक्ष द्यावे. अरबीत एकवचन आणि अनेकवचन यांच्या मध्ये द्विवचन असते, फक्त दोघांसाठी. 'वालिदैन' मधला शेवटचा 'ऐन' हा त्याच द्विवचनाची खूण आहे. शब्दातच सांगितले आहे की आई आणि बाप हे दोघे. संस्कृतातही द्विवचन आहे: रामः म्हणजे एक राम, रामौ म्हणजे दोन, रामाः म्हणजे अनेक. एकमेकांशी नात्याने न जोडलेल्या दोन भाषांत ही सोय सापडते. मराठीने मात्र ती सोडून दिली.

अरबीत अनेकवचनसुद्धा पुष्कळदा आतून फिरवून होते. किताबचे कुतुब, खबरचे अखबार, हालचे अहवाल, अमीरचे उमरा. मराठीने यांतली काही अनेकवचने उचलली आणि त्यांनाच एकवचन करून टाकले. आपल्याकडे 'एक अहवाल' असतो आणि 'एक उमराव' असतो. भाषा दुसऱ्याची वस्तू घेते तेव्हा आपल्या घरच्या रीतीने वापरते, ती अशी.

जोडण्याची रीत

आता दुसरी रीत. मराठी, हिंदी, फारसी या भाषा शब्दाला मागून-पुढून तुकडे जोडतात. 'हार' या शब्दाला पुढे उपसर्ग लावून आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार हे शब्द होतात, हे आपण पाचवी-सहावीत शिकतो. संस्कृतात जोडता जोडता आतला स्वरही थोडा हलतो. 'लिख्' या धातूपासून लेख, लेखक, लेखन, लेखणी होताना 'लि' चा 'ले' झाला. क-त-ब आणि लिख् या दोन्हींचा अर्थ एकच, लिहिणे. एकीने चार शब्द साच्यात ओतले, दुसरीने चार शब्द जोडून केले.

जोडकाम पाहायचे असेल तर तुर्की भाषेकडे जावे. 'उर्दू' हा शब्दच मुळात तुर्की आहे, त्याचा अर्थ लष्कराची छावणी. तुर्कीत 'एव' म्हणजे घर. 'एवलेर' म्हणजे घरे. 'एवलेरिमिझ' म्हणजे आमची घरे. 'एवलेरिमिझदे' म्हणजे आमच्या घरांत. मालगाडीला डबे लावावेत तसे एकामागून एक प्रत्यय लागत जातात, आणि प्रत्येक डबा वेगळा ओळखू येतो. आपल्या शेजारची कन्नड तशीच आहे: 'मने' म्हणजे घर, 'मनेगळु' म्हणजे घरे, 'मनेगळल्लि' म्हणजे घरांत. आपल्या जिल्ह्यातली गोंडी ही कन्नड-तेलुगूच्याच द्राविडी कुळातली. उलट चिनी भाषेत शब्दाला विभक्तीचे प्रत्यय लागतच नाहीत. कोण, कोणाला, कुठे हे शब्दांच्या क्रमावरून आणि सोबतच्या लहान शब्दांवरून ओळखावयाचे.

आता आपल्या मराठीतला एक शब्द सुटा करून पाहा: 'बेजबाबदारपणामुळे'. 'बे' हा फारसी उपसर्ग, अर्थ 'विना'. 'जबाब' हा अरबी जवाब. 'दार' हा फारसी प्रत्यय, बाळगणारा. 'पणा' हा मराठीचा प्रत्यय, भाव दाखविणारा. 'मुळे' हे शब्दयोगी अव्यय संस्कृत 'मूल' पासून आलेले. अरबी, फारसी, संस्कृत आणि मराठी एका शब्दात एका ओळीत उभ्या आहेत, आणि एकमेकींना धक्काही देत नाहीत. मुले असे शब्द रोज ऐकतात, पण ते कधी उघडून दाखविले जात नाहीत.

'पंचनामा' मध्ये पंच संस्कृत आणि नामा फारसी. 'छापखाना' मध्ये छाप इथली आणि खाना फारसी. 'गैरसमज' मध्ये गैर अरबी आणि समज आपली. परीक्षेचा निकाल लागला की ऐकू येणारा 'नापास' हा तर पाहण्यासारखा आहे: 'ना' फारसी आणि 'पास' इंग्रजी. या दोघांचे लग्न आपल्याकडे लागले, आणि त्यांचे नाव कोणत्याही मुलाला आवडत नाही!

माधव ज्यूलियन या नावाने कविता लिहिणारे प्राध्यापक माधव पटवर्धन यांनी 'फार्शी-मराठी कोश' तयार केला आणि तो १९२५ साली पुण्याला प्रसिद्ध झाला. औरंगाबादला दीर्घ काळ राहून उर्दूची सेवा करणारे मौलवी अब्दुल हक यांनी फारसीने मराठीवर काय परिणाम केला यावर उर्दूत स्वतंत्र पुस्तक लिहिले. एक या बाजूने आला, दुसरा त्या बाजूने, आणि दोघांना सापडलेले गाठोडे एकच होते.

मात्र इथे एक धोक्याची सूचना देतो. शब्द ओळखीचा निघाला म्हणून अर्थही तोच असेल असे समजू नये. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे तडजोडीचा कागद; मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पहिलवानांचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे हार. मराठीत प्रयत्नांची शिकस्त म्हणजे प्रयत्नांची कमाल. "त्याने शिकस्त केली" हे वाक्य वाचून आपला मुलगा "तो हरला" असे उत्तर लिहील, आणि तपासणारास कळणारही नाही की या मुलाने चूक कुठून आणली. शब्द शिकताना तो मराठीत काय काम करतो हे वाक्यातच पाहावे. तसेच कार्यालयीन कागदावर 'दिनांक' असतो आणि तोंडी 'तारीख'. मुलाला दोन्ही यावेत. एक शिकताना दुसऱ्याचा राग करण्याचे कारण नाही.

चार नियम

आता त्या मुलीच्या वहीकडे परत येऊ.

पहिला नियम लिंगाचा. फारसीत व्याकरणाचे लिंगच नाही. हिंदी-उर्दूत दोन लिंगे, अरबीतही दोन. मराठीत तीन आहेत: तो, ती आणि ते. गोंडीत दोन वर्ग आहेत, पण त्यांची वाटणी निराळी: पुरुष एका बाजूस आणि बाकी सारे, म्हणजे स्त्रिया, जनावरे व वस्तू, दुसऱ्या बाजूस. म्हणजे लिंगाची विभागणी प्रत्येक भाषा आपल्या मर्जीने करते. त्यात बरोबर-चूक काही नाही. उर्दूत किताब आणि दुकान स्त्रीलिंगी आहेत, म्हणून 'मेरी किताब', 'हमारी दुकान'. मराठीत पुस्तक आणि दुकान नपुंसकलिंगी, म्हणून 'माझे पुस्तक', 'आमचे दुकान'. उर्दूत आवाज स्त्रीलिंगी. मराठीत पुल्लिंगी, म्हणून 'तिचा आवाज'. यावर उपाय एकच: मराठी नाम कधी एकटे पाठ करू नये. 'ते पुस्तक', 'तो आवाज', 'ती जमीन' असे जोडीने पाठ करावे.

दुसरा नियम सामान्यरूपाचा. मराठीत नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी नाम आपले रूप थोडे बदलते, जणू पाहुणा यायचा म्हणून घर आवरून ठेवते. हिंदीतही हे आहे, पण थोडेच. 'घोड़ा' चे 'घोड़े को' होते, 'दवाख़ाना' चे 'दवाख़ाने में' होते. मात्र 'ज़मीन पर', 'तारीख़ को' यांत नाम जागचे हलत नाही. म्हणून मुलीने 'जमीनवर', 'तारीखला' लिहिले, आणि 'दवाखानेत' हे तर सरळ हिंदीच्या नियमाने लिहिले. मराठीत 'आ' ने संपणाऱ्या पुल्लिंगी नामाचे बहुधा 'या' होते: घोडा–घोड्याला, दवाखाना–दवाखान्यात, दाखला–दाखल्यावर. व्यंजनासारखा उच्चार होऊन संपणाऱ्या स्त्रीलिंगी नामांसाठी एक सोपी किल्ली आहे. त्यांचे अनेकवचन आधी करून पाहावे. अनेकवचन 'आ' ने संपले तर सामान्यरूप बहुतेक ठिकाणी 'ए' ने होते: तारीख–तारखा–तारखेला, नजर–नजरा–नजरेत. अनेकवचन 'ई' ने संपले तर सामान्यरूपही 'ई' नेच: जमीन–जमिनी–जमिनीवर, मशीद–मशिदी–मशिदीत. आणि शेवटून दुसऱ्या अक्षरातील दीर्घ ई-ऊ प्रत्यय लागताना बहुधा ऱ्हस्व होतो: वकील–वकिलाला, जमीन–जमिनीला.

गंमत अशी की वर दिलेले दवाखाना, दाखला, तारीख, नजर, जमीन, मशीद, वकील हे सारे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत, आणि तरीही ते मराठीच्या नियमाने नटतात. इंग्रजीतून आलेलेही तसेच: टेबल–टेबलावर, मोटार–मोटारीत, बॅग–बॅगेत. शब्द कोठूनही येवो, ज्या घरात तो आला त्या घरचे पाणी तो भरू लागतो.

तिसरा नियम चिकटविण्याचा. हिंदीत नामाशी को, से, का, में हे वेगळे लिहितात: घर को. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो: घराला, घरातून, शाळेत. 'घर ला' असे तोडून लिहिणारे मूल हिंदीची शिस्त पाळत असते.

चौथा नियम 'ने' चा. हिंदीत "मैंने किताब पढ़ी". मराठीत 'त्याने', 'तिने', 'मुलाने' यांना ने लागतो, पण 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांना या ठिकाणी ने लागलेला दिसत नाही: "मी पुस्तक वाचले". मात्र एक अवघड गोष्ट दोन्ही भाषांत सारखी आहे, आणि ती आपल्या मुलांना आयतीच येते. "मैंने रोटी खाई" आणि "मी भाकर खाल्ली", दोन्हींत क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे न चालता खाल्लेल्या वस्तूप्रमाणे चालते. इंग्रजी बोलणाऱ्या माणसास हे समजावताना शिक्षकाला घाम फुटतो. आपल्या मुलाला ते शिकवावे लागत नाही. म्हणजे घरची भाषा जितक्या ठिकाणी अडविते, त्याहून अधिक ठिकाणी ती हात देते.

त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले की आठवड्याला एकच नियम घेऊ. मुलगी शाळेत राहिली. वर्षाअखेरीस तिच्या वहीत लाल खुणा होत्याच, पण या चार जातींच्या खुणा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. दहावीनंतर घरी बसविण्याची गोष्ट वडिलांनी पुन्हा काढली नाही.

मूल नियम शिकते

१९५८ साली अमेरिकेत जीन बर्को नावाच्या संशोधक बाईंनी एक साधा प्रयोग केला. लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखविले आणि त्याचे बनावट नाव सांगितले, 'वग'. मग दोन प्राण्यांचे चित्र दाखवून विचारले, आता हे दोन काय आहेत? बहुतेक मुलांनी इंग्रजीच्या नियमाने 'वग्ज' असे उत्तर दिले. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता. म्हणजे मूल केवळ पोपटपंची करीत नाही. ऐकलेल्या शब्दांतून ते नियम काढते आणि नव्या शब्दाला लावते.

हा प्रयोग आज रात्री घरी करून पाहा. मुलाला म्हणा, "हा एक टोंबा. असे दोन असतील तर?" ते म्हणेल "टोंबे". मग विचारा, "ही एक टोंबी. अशा दोन?" मराठीच्या सवयीचे मूल म्हणेल "टोंब्या"; हिंदीच्या सवयीचे म्हणेल "टोंबियाँ". दोघांचेही डोके सारखेच चालले. एवढेच की एकाला ज्या भाषेचा नियम कानी पडला, तो दुसऱ्याला पडला नाही. नियम कानी पाडणे हे शाळेचे आणि घराचे काम आहे. मूल मंद आहे असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्याला त्यातून मिळत नाही.

परकी भाषा शिकणाऱ्याला तिचे नियम अधिक स्पष्ट दिसतात, असे इतिहासही सांगतो. अरबी व्याकरणाचा पहिला मोठा ग्रंथ आठव्या शतकात बसऱ्यात शिकलेल्या सीबवैह याने लिहिला. त्या ग्रंथाला लोक नुसते 'अल-किताब' म्हणतात. हा सीबवैह अरब नव्हता. तो इराणी घराण्यातला होता. गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने कोकणीचे व्याकरण लिहिले, ते १६४० साली रायतूर येथे छापले गेले. मराठीचा मोठा कोश १८३१ साली मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने प्रसिद्ध केला. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत रचला आणि मराठी संतांच्या मालिकेत स्थान मिळविले. यांतल्या कोणीही "आमच्या घरी ही भाषा बोलत नाहीत" अशी सबब सांगितली नाही.

करावयाचे काय?

आपल्या राज्यात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण या गोष्टी बाजूस ठेवल्या तरी तलाठ्याकडील उतारा, पोलीस ठाण्यातील जबाब, दवाखान्यातील सूचना, भरतीची परीक्षा, हे सारे मराठीत आहे. ज्याला मराठी लिहिता येत नाही, त्याला आपला अर्ज दुसऱ्याकडून लिहवून घ्यावा लागतो, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर डोळे मिटून सही करावी लागते. आपल्या किती घरांनी या सहीची किंमत मोजली आहे, हे इथे बसलेल्या बुजुर्गांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

म्हणून पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, घरची भाषा सोडू नका. उर्दू-हिंदी चांगली येणारे मूल मराठीही लवकर शिकते, कारण नियम शोधण्याची सवय त्याला घरीच लागलेली असते. दुसरी, मुलाच्या मराठीला हसू नका, आणि कोणी हसले तर मुलाला गप्प बसू देऊ नका. "माझी दुकान" म्हणून वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून वर्षभर तोंड न उघडणारी मुले मी पाहिली आहेत. चुकीच्या शब्दाने मुलाचे इतके नुकसान होत नाही, जितके गप्प बसल्याने होते. तिसरी, वहीतील लाल खुणा मोजू नका. त्यांच्या जाती मोजा. शिक्षकाला विचारा, "माझ्या मुलाच्या चुका किती प्रकारच्या आहेत?" हा प्रश्न निरक्षर आईसुद्धा विचारू शकते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक छोटे काम. एक कोरी वही घ्या. रोज मराठीच्या धड्यातला एक शब्द निवडा आणि तो उघडा. त्यात मूळ कोणते, मागे काय जोडले, पुढे काय जोडले, तो हिंदीत कसा चालतो आणि मराठीत कसा. मक्तबात जी अरबी रूपे तुम्ही पाठ करता, त्यांतले एखादे मूळ मराठीत सापडते का पाहा. रोज एक शब्द म्हटले तर वर्षाला तीनशे पासष्ट शब्द होतात, आणि प्रत्येक शब्द आपल्याबरोबर आपले भाऊबंद घेऊन येतो. शाळेची मंजुरी मिळाल्यास पुढील मेळाव्यात अशा वह्यांचे प्रदर्शन भरवावे, असे मी संस्थेला सुचवितो.